सहा ऑक्टोबरचा वारा

३ सप्टेंबर, मंगळवार

वारा वायव्येचा, दुपारनंतर सर. दिवसभर हातमागावर. संध्याकाळच्या बसने टॉर्मोड आला.

या वहीत मी एरवी वारा आणि विणकाम एवढंच लिहितो. शाळेत मास्तरांनी हवामान लिहायची सवय लावली, ती राहिली. पण थोरला भाऊ इतक्या वर्षांनी घरी आला, त्याची नोंद निदान वाऱ्याएवढी तरी व्हावी. आईच्या मातीला आला होता, त्यानंतर आजच. फार वाळलाय. मी म्हटलं तसं, तर म्हणाला, "ग्लासगोचं जेवण रे. तिथं चहासुद्धा पातळ." खोकला आहे. गोदीत जहाजांच्या पाइपांवर पांढरे थर चढवायचं काम त्याने जन्मभर केलं, ती धूळ घशात बसलीय म्हणतो. माळाची हवा लागली की सुटेल.

"किती दिवस आहेस?" मी विचारलं.

"थंडीपर्यंत."

"इथं थंडी एप्रिलपर्यंत असते."

"मग बघू, धाकल्या." आणि लगेच, टोपी काढायच्या आधी, "बाबांची बोट आहे का अजून?"

आहे म्हटलं. आसगर तळ्याच्या काठावर पालथी पडलीय. बाबा गेल्यावर मी तळ्यावर क्वचितच गेलो.

७ सप्टेंबर, शनिवार

वारा मंद, कोरडा. मे महिन्यात माळावर कापून वाळत टाकलेलं पीट, म्हणजे थंडीच्या जळणाच्या मातीच्या विटा, घरी आणायला सुरुवात केली. टॉर्मोड हट्टाने बरोबर आला. घराशेजारची गंजी रचायला त्याला बसवलं. बाहेरच्या विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या लावायच्या म्हणजे पावसाचं पाणी निथळून जातं, हे त्याचा हात विसरलेला नाही. समोरची म्हातारी एफी काठी टेकत बघायला आली.

"गोदीतल्या माणसाला बरं जमतंय," ती म्हणाली.

"जहाज काय, गंजी काय, एफी. पाणी आत शिरू द्यायचं नाही, झालं."

"आणि चर्चच्या मंडळीत कधी दिसणार तू?"

"तुमच्यासारखी देखणी माणसं पुढच्या बाकावर बसली तर माझं लक्ष कुठं लागायचं?"

ती हसली, पण हसू दाबून घरी गेली. रविवारी कामाला हात लावायचा नाही, म्हणून संध्याकाळीच उद्याचं पाणी भरलं, बटाटे सोलून ठेवले, पीट आत आणलं. टॉर्मोडने न सांगता बटाटे घेतले. आईच्या वेळची शनिवारची कामं त्याला सगळी आठवतात.

८ सप्टेंबर, रविवार

आज मन खट्टू झालं. उपासनेहून परतलो तर घरामागच्या दोरीवर टॉर्मोडचा शर्ट फडफडत होता. प्रभूच्या दिवशी. आणि हा दारात बसून शीळ घालत होता. सगळं गाव त्याच रस्त्याने घरी येतं. चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, एल्डर यूइन, माझ्या बरोबरीने चालत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त चालण्याचा वेग वाढवला. बोलले असते तर बरं होतं.

जेवताना मी म्हटलं, "तुझा विश्वास तुझ्यापाशी. पण मी इथं राहतो, टॉर्मोड."

त्याने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "खरं आहे. तुझ्या घरात आहे तोवर तुझा रविवार पाळीन. शब्द दिला."

त्याने लगेच उठून शर्ट काढला. ओलाच होता. रात्रभर खुर्चीवर ठेवला.

१४ सप्टेंबर, शनिवार

देवाने चांगला दिवस दिला. बोट चार दिवस काठाशी बुडवून ठेवली होती, फळ्या फुगून फटी मिटल्या. तरी थोडं पाणी येतंच होतं, टॉर्मोड जुन्या डब्याने उपसत होता. वल्ही मी घेतली. बोट वाऱ्याला आडवी सोडली की ती आपोआप तळ्यावरून सरकते, आणि पुढे दोरी टाकत राहायचं. दोरीला गळावर पिसं बांधून केलेल्या तीन नकली माशा. वरची पाण्यावर नाचवायची, खालच्या दोन बुडू द्यायच्या.

बाबा आम्हाला अंगणात बिनमाशीची काठी देऊन शिकवायचे. हात मागं. थांब. दोरी पाठीमागे सरळ होऊ दे. मग पुढं. माझं ते थांबणं कधी जमलं नाही, मी घाई करायचो आणि दोरी माझ्याच टोपीत अडकायची. टॉर्मोडला जमतं. आज त्याच्याकडे बघताना बाबाच बोटीत आहेत असं वाटत होतं. खोकलासुद्धा त्या वेळी थांबला होता.

चार ट्राऊट आल्या, दोन ठेवल्या. टॉर्मोडचा डोळा मात्र सारखा पलीकडच्या कोपऱ्याकडे, जिथं पाणी खडकांमध्ये आत शिरतं. त्याला आम्ही बाबांचा कोपरा म्हणतो. तिथं बाबांनी हाताएवढी लांब ट्राऊट धरली होती.

"त्या दिवशी वल्ही माझ्याकडं होती," टॉर्मोड म्हणाला. "बाबा म्हणाले, पुढच्या शनिवारी तू टाक, मी वल्हवतो. आणि पुढच्या शनिवारी मी ग्लासगोच्या गाडीत. त्या कोपऱ्यात मी एकदाही दोरी टाकलेली नाही, धाकल्या. जग फिरलो."

"तू गोवनच्या गोदीपलीकडे कुठं गेलास?"

"तेच सांगतोय."

निम्म्या वाटेवर वारा पूर्वेला फिरला. पूर्वेच्या वाऱ्यात मासा वर येत नाही आणि त्या कोपऱ्यात बोट सरकतही नाही. तिथं नैऋत्येचाच वारा लागतो. परत फिरलो. हंगाम सहा ऑक्टोबरला बंद होतो, तोवर पुष्कळ दिवस आहेत असं मी म्हटलं. मासे ओटच्या पिठात घोळवून तळले. टॉर्मोडने एकच खाल्ला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नैऋत्य, ढगाळ, ऊबदार. टॉर्मोड सकाळीच गळाची काठी घेऊन दारात उभा. मला मोह झाला. पण माळावर अजून निम्मं पीट पडून आहे, आणि अशा कोरड्या दिवसाला ते भिजत ठेवणं म्हणजे पाप. म्हटलं, आधी थंडीची सोय, मग मासे. तो काठी ठेवून गंजीपाशी आला. दुपारी म्हणाला, "बास की. एकाला पुरेल एवढं झालं."

"आपण दोघं आहोत यंदा."

"हो, हो," तो म्हणाला आणि खाली वाकून विटा लावू लागला. शहरात राहून माणसाला आळस चढतो हे खरं. तरी मी बोललो नाही. गंजीच्या टोकाशी तो वारंवार थांबत होता; तिथून तळं दिसतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

टॉर्मोड सकाळच्या बसने बंदराच्या गावी, स्टॉर्नोवेला गेला. गळ आणायला जातो म्हणाला. संध्याकाळी आला तो गळ न घेताच. दुकानात नव्हते म्हणे. एक औषधाची बाटली आणली, पोटासाठी. चेहरा दमलेला. माझ्यासाठी मात्र त्याने आपला चांगला लोकरी कोट ट्रंकेतून काढला.

"घाल बघू. मला आता मोठा होतो."

मापात आहे. रविवारी घालीन.

झोपताना विचारलं त्याने, "बाबांच्या शेजारी जागा आहे का रे अजून, कबरस्तानात?"

म्हटलं, आहे, पण समुद्राकडची भिंत पडलीय, तिची दुरुस्ती वसंतात काढणार आहेत. मेंढ्या आत शिरतात.

"मेंढ्यांची सोबत वाईट नाही," तो म्हणाला. तो कुठल्याही गोष्टीची थट्टा करतो.

३० सप्टेंबर, सोमवार

शुक्रवारपासून वादळ. उत्तरेचा वारा, गारा. शेडच्या छपराचा एक पत्रा उचलला गेला, दोर आणि दगड बांधून धरलाय. कलहंसांचे थवे माळावरून ओरडत गेले. खारवलेल्या हेरिंग माशांचं पिंप आत घेतलं. टॉर्मोड खिडकीशी बसून आहे. उद्या निवळेल, उद्या निवळेल, असं मी म्हणतो.

३ ऑक्टोबर, गुरुवार

वारा तसाच. टॉर्मोडने टेबलावर माशा बांधल्या. एफीच्या कोंबडीची तपकिरी पिसं, माझ्या मागावरचा काळा धागा, आणि चहाच्या पुड्याच्या चंदेरी कागदाची पट्टी. गाठ अजून पक्की बसते. एफी स्वतः पिसं घेऊन आली होती.

"माझ्या कोंबडीच्या पिसाला मासा फसेल?"

"तुमची कोंबडी तुमच्यासारखीच आहे, एफी. जो बघेल तो फसेल."

"मेल्या, वय काय तुझं," ती म्हणाली, आणि उकडलेलं अंडं त्याच्यासमोर ठेवून गेली. त्याने तिच्या देखत अर्धं खाल्लं, उरलेलं ती गेल्यावर मला दिलं.

माझी प्रार्थना आज नीट झाली नाही. वारा पडू दे असं मागायला मन धजलं नाही. माशांसाठी देवाला काय सांगायचं?

५ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर पाऊस आणि वारा. अंधार पडता पडता एकदम शांत झालं. पाणी भरलं, बटाटे सोलले. टॉर्मोड आकाशाकडे बघून आत आला.

६ ऑक्टोबर, रविवार

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

सकाळी उठलो तर टॉर्मोड माझ्या आधी उठून, दाढी करून दारात उभा. म्हणाला, "ये, बघ." नैऋत्येचा वारा, अंगावर गरम श्वास आल्यासारखा. खाली उतरलेले ढग, आणि दूर तळ्यावर बारीक लहर, सगळीकडे सारखी. असा दिवस वर्षातून दोनदा येतो.

"नैऋत्य," तो म्हणाला.

"हो."

"आज सहा तारीख."

"हो."

"आज छाती मोकळी आहे रे. कित्येक दिवसांत नव्हती अशी."

त्याने मागितलं नाही. मागितलं असतं तर नाही म्हणताना मला जड गेलं असतं, म्हणूनच त्याने मागितलं नसावं. मीच म्हटलं, "पंधरा मार्चला हंगाम उघडतो. पहिल्याच दिवशी जाऊ, थेट बाबांच्या कोपऱ्यात. मी वल्हवीन."

तो म्हणाला, "तूच वल्हवणार. ते ठरलंच आहे." आणि खुंटीवरचा कोट काढून माझ्या हातात दिला. "जा, घाल. उशीर होईल."

"तू येतोस मंडळीत?"

"नाही. पण दिलेला शब्द आहे. शर्टसुद्धा वाळत घालणार नाही."

उपासनेत लक्ष लागलं नाही. खिडकीतून ढग जाताना दिसत होते. शब्बाथाच्या, विश्रांतीच्या दिवशी मेंढरू खड्ड्यात पडलं तर त्याला वर काढावं, एवढी सूट प्रभूने स्वतः दिली आहे. मी त्याचा पुष्कळ विचार केला. पण मासे धरणं म्हणजे मेंढरू काढणं नव्हे, आणि माझा भाऊ काही खड्ड्यात पडलेला नाही. मार्च फार लांब नाही. असं मनाशी ठरवलं तेव्हा शेवटचं स्तोत्र चालू होतं.

परतलो तर टॉर्मोड शेकोटीशी बसला होता. बूट ओले, त्यांना शेवाळ लागलेलं. गालावर रंग आला होता. गळाची काठी खुंट्यांवर जिथल्या तिथे होती; मी आधी तिच्याकडेच पाहिलं, हे लिहिताना लाज वाटते.

"कसा गेला दिवस?"

"छान गेला. एक मोठा वर आला होता. सुटला."

"स्वप्नात?"

"तसंच म्हण."

दोन वाडगे रस्सा प्याला. कितीतरी दिवसांनी. जेवणाआधीच्या प्रार्थनेत मी त्याबद्दल आभार मानले. त्यानेही डोळे मिटले होते. माझ्या भावावर कृपेचा हात पडू लागलाय असं मला आज वाटतं.

७ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा उत्तर. यूइन मदतीला आले, बोट ओढून काठावर पालथी घातली, दगडांना बांधली. टॉर्मोड आला नाही. त्याचा उजवा खांदा धरलाय. हवा बदलते तेव्हा सांध्यांना कळतं. मी मेंढीची चरबी चोळून दिली. चोळताना तो हसत होता.

२१ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर येऊन गेले. दाराबाहेर थांबून त्यांनी मला सांगितलं. खोकला धुळीचा होता हे खरं, पण ती धूळ घशात नाही, फुप्फुसात आहे, आणि आता काही करण्यासारखं नाही. टॉर्मोडला ऑगस्टपासून माहीत आहे. मला वाटलं होतं, गावातलं मला सगळं कळतं.

आत जाऊन विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला मागच्या खोलीत दुलईत गुंडाळून ठेवला असतास. पीट कुणी रचलं असतं?"

"आणि मी मार्चचं बोललो, तेव्हा?"

"तू इतक्या खात्रीने बोललास, धाकल्या. मलाही थोडा वेळ खरं वाटलं. बरं वाटलं."

मी बाहेर येऊन गंजीपाशी उभा राहिलो. एकाला पुरेल एवढं झालं, असं तो म्हणाला होता. माझ्याकडे दोघांचं आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

टॉर्मोड शुक्रवारी पहाटे गेला. हात माझ्या हातात होता. शेवटी विचारलं, "वारा कुठला?" मी म्हटलं, नैऋत्य. तो नव्हता. ईशान्य होता आणि बर्फाचे कण खिडकीवर वाजत होते. मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही.

तीन दिवस संध्याकाळी घरात उपासना झाली. सगळं गाव आलं, फळ्यांवर बसलं. काल माती दिली. शवपेटी खांद्यावरून खांद्यावर बदलत पुरुषांनी कबरस्तानापर्यंत नेली, आम्ही नेतो तशी. ज्यांच्यासमोर त्याने शर्ट वाळत घातला होता ते सगळे आळीपाळीने पेटीखाली खांदा द्यायला आले. बाबांच्या शेजारी ठेवला. भिंत अजून पडलेलीच आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

एफी आली, केक घेऊन. खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "एक सांगू का, फिनले? सांगावं की नाही म्हणून राहिले होते. त्या रविवारी माझा पाय दुखत होता, मी मंडळीत नव्हते. खिडकीशी बसले होते. तुझा भाऊ गंजीच्या टोकाशी आला."

"कुठल्या रविवारी?"

"वादळ थांबलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तळ्याकडं तोंड करून उभा राहिला. नुसता, रिकाम्या हाताने. आणि मग हात वर केला. उजवा. वर नेला, थांबला, पुढं केला. परत वर. मी म्हटलं, कुणाला हाक मारतोय की काय, पण माळावर चिटपाखरू नव्हतं. किती वेळ चाललं होतं. मध्ये खोकला यायचा तेव्हा गुडघ्यावर बसायचा, पुन्हा उभा. बाई, मी म्हटलं, हा प्रार्थना करतोय."

"आपल्याकडे प्रार्थनेत हात वर करत नाहीत."

"शहरात करत असतील. मी काय बघितलंय?"

तिचे डोळे भरले होते. तो सगळ्यांच्या पाठीमागे, एकटा, देवापुढे उभा राहिला, आणि मी त्याच्या बुटांचं शेवाळ बघत बसलो. आज बऱ्याच दिवसांनी मन हलकं झालं.

१७ नोव्हेंबर, रविवार

एफीने यूइनना सांगितलेलं दिसतं. उपासनेनंतर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "अखेरच्या घटकेलाही प्रभू बोलावतो, फिनले. तुझ्या भावाने हात उंचावून साद दिली." मी हो म्हटलं. आसपासच्या बायका डोळे पुसत होत्या. मला आनंद झाला. खरंच झाला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

रात्रभर वादळ. शेडचा तोच पत्रा पुन्हा सुटला. टॉर्मोड नाही, तेव्हा छपरावरून दोर पलीकडे टाकायचं काम एकट्यावर आलं. दोराच्या टोकाला दगड बांधून फेकत होतो. दोर अर्ध्यावरून परत यायचा, एकदा माझ्याच डोक्यावर पडला. मी घाई करत होतो. मग मला बाबांचं आठवलं. हात मागं नेला आणि थांबलो. दोर पाठीमागे ओढला जाऊ दिला. मग पुढं.

दोर छपरावरून पलीकडे गेला.

मी तिथंच खाली बसलो. वर नेला, थांबला, पुढं केला, असं एफी म्हणाली होती.

पत्रा पक्का बांधला. पाणी भरलं. बटाटे सोलले. एकाचेच.

२४ नोव्हेंबर, रविवार

नैऋत्य, मंद. या दिवसांत सहसा नसतो.

उपासनेला गेलो. बाहेर यूइन पुन्हा त्याच्याविषयी चांगलं बोलले. मी त्यांना काही सांगितलं नाही. एफीलाही सांगणार नाही. तिने जे पाहिलं ते तिच्यापाशी राहू दे. आणि ती चुकली असंही मी कसं म्हणू? त्याने मला शब्द दिला होता. तो पाळण्यासाठी त्याने काठी खुंटीवर ठेवली, आणि गंजीच्या टोकावरून, माळाच्या इतक्या पलीकडे, रिकाम्या हाताने बाबांच्या कोपऱ्यात दोरी टाकली. एक मोठा वर आला होता, तो सुटला. मी त्याला विचारलं, स्वप्नात?

दोन उपासनांच्या मधल्या वेळात घरी आलो. त्याचा कोट अंगात होता. गंजीच्या टोकाशी गेलो. तिथली जमीन अजून तुडवलेली आहे, शेवाळ दबलंय. तळ्यावर बारीक लहर होती, सगळीकडे सारखी. रस्त्यावर कुणी नव्हतं. असतं तरी मला वाटतं मी तेच केलं असतं. मी उजवा हात मागं नेला. थांबलो. या वेळी घाई केली नाही. मग पुढं.

प्रभूच्या दिवशी हे काम ठरतं का, ते मी यूइनना विचारलेलं नाही. संध्याकाळच्या उपासनेची घंटा होईपर्यंत मी तिथंच होतो. खांदा दुखतोय.